अंगण हाच वर्ग : छात्राध्यापिका आणि निसर्गातील बालशिक्षण

बालशिक्षणाचा विचार करताना इमारत, साहित्य आणि अभ्यासक्रम यांची चर्चा पुष्कळ होते. ज्या शिक्षिकेच्या हाती मूल तीन वर्षे सोपवावयाचे, तिच्या मनाची घडण कशी झाली आहे, याची चर्चा मात्र त्या मानाने थोडी होते. वास्तविक तीन ते सहा वर्षे वयाच्या मुलाच्या बाबतीत शिक्षिकेचे मन हेच सर्वांत मोठे शैक्षणिक साहित्य असते. तिला मुंग्यांच्या रांगेत शिक्षण दिसले तर मुलालाही दिसते. तिला त्या रांगेत केवळ चावण्याचे भय दिसले, तर मुलाला हात धरून खोलीत आणले जाते आणि दार लावले जाते.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण, २०२० ने तीन ते आठ वर्षे वयाचा पाच वर्षांचा कालखंड शिक्षणाचा पायाभूत स्तर म्हणून मान्य केला. त्या आधारे ऑक्टोबर २०२२ मध्ये पायाभूत स्तराचा राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा प्रसिद्ध झाला. खेळातून, कृतीतून आणि परिसरातून शिक्षण हे सूत्र त्यात स्पष्टपणे मांडलेले आहे. महाराष्ट्रात एक लाखाहून अधिक अंगणवाड्या असून त्यांखेरीज खाजगी बालवाड्यांची संख्याही मोठी आहे. हे सूत्र तेथवर पोहोचविण्याचे काम आज प्रशिक्षण घेत असलेल्या छात्राध्यापिका व सेविका यांनाच करावयाचे आहे. त्यांना ते मनापासून पटले आहे काय, आणि पटले असल्यास ते अमलात आणण्याचे धैर्य त्यांच्या ठायी आहे काय, हा म्हणूनच केवळ प्रशिक्षण विद्यालयांपुरता प्रश्न राहत नाही. अधिकारी, शिक्षक आणि पंचायत सदस्य यांनीही त्याचा विचार करणे अगत्याचे आहे.

कल्पना नवी नाही

निसर्गाच्या सान्निध्यात लहान मुलांना शिकवावे, ही कल्पना अलीकडची नव्हे. जर्मन शिक्षणतज्ज्ञ फ्रेडरिक फ्रोबेल यांनी १८४० मध्ये आपल्या बालशाळेला ‘किंडरगार्टन’, म्हणजे मुलांची बाग, हे नाव दिले. ते केवळ अलंकारिक नव्हते. मुलांनी स्वतः वाफ्यात बी पेरावे, त्याची निगा राखावी आणि वाढ न्याहाळावी, हा त्यांच्या पद्धतीचाच भाग होता. इंग्लंडमध्ये मार्गारेट व रेचेल मॅकमिलन या भगिनींनी १९१४ मध्ये लंडनच्या डेप्टफर्ड या गरीब वस्तीत मोकळ्या हवेतील बालशाळा सुरू केली. कोंदट घरांत आजारी पडणाऱ्या मुलांना ऊन, वारा आणि बाग मिळावी, हा त्यामागील हेतू होता.

आपल्याकडे या विचाराला वेगळे आणि अधिक खडतर वळण मिळाले. गिजुभाई बधेका यांनी १९२० मध्ये भावनगर येथे दक्षिणामूर्ती बालमंदिर सुरू केले. श्रीमती ताराबाई मोडक यांनी तेथे त्यांच्यासमवेत कार्य केले, आणि १९२६ मध्ये नूतन बाल शिक्षण संघाची स्थापना झाली. माँटेसरी पद्धतीचे मर्म कायम ठेवून महागड्या साहित्याच्या जागी देशी साहित्य आणावे, हा त्यांच्या कार्याचा एक महत्त्वाचा भाग होय. पुढे १९४५ मध्ये ताराबाईंनी तत्कालीन ठाणे जिल्ह्यातील बोर्डी या समुद्रकाठच्या गावी ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. श्रीमती अनुताई वाघ पुण्यातील नोकरी सोडून त्याच वर्षी या कार्यात दाखल झाल्या. १९५७ मध्ये हे केंद्र डहाणू तालुक्यातील कोसबाडच्या टेकडीवर गेले. हा परिसर आता पालघर जिल्ह्यात मोडतो.

बोर्डी व कोसबाड येथे एक गोष्ट या दोघींच्या ध्यानी आली. शाळेची इमारत उभी करून वाट पाहत बसल्यास मुले येत नाहीत. वारली पाड्यावरील लहान मूल भावंडाला सांभाळते, त्याहून थोडे मोठे झालेले मूल गुरे राखते. त्याचा दिवस रानात आणि कुरणात जातो. तेव्हा मूल शाळेत येत नसेल तर शाळेने मुलाकडे जावे, असे ठरले. वस्तीतील अंगणातच बालवाडी भरू लागली आणि ‘अंगणवाडी’ हा शब्द त्यातून रूढ झाला, असे मानले जाते. गुरे चरत असताना गुराखी मुलांसाठी कुरणातच भरणारी ती ‘कुरणशाळा’. शिंपले, खडे, बिया, पाने, काड्या हेच तेथील साहित्य. ताराबाईंना १९६२ मध्ये पद्मभूषण आणि अनुताईंना १९८४ मध्ये पद्मश्री देऊन शासनाने या कार्याचा गौरव केला. २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशात ३३ प्रकल्पांनिशी एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली, तेव्हा तिच्या केंद्रांना अंगणवाडी हेच नाव मिळाले.

अंगण हा शब्द अशा रीतीने देशभर पोहोचला. खुद्द अंगण मात्र अनेक केंद्रांतून हळूहळू मागे पडले. खोली आली, भिंतीवर चित्रे आली, फळा आला, तक्ते आले. या गोष्टी आवश्यकच होत्या आणि पावसाळ्यात मुलांच्या डोक्यावर छप्पर हवेच. परंतु खोली म्हणजे शिक्षण आणि बाहेर म्हणजे सुटी, अशी वाटणी त्याबरोबरच मनात होत गेली. आजच्या छात्राध्यापिकेच्या हाती आलेला वारसा हा असा दुहेरी आहे.

निसर्गात मूल काय शिकते

निसर्गातील शिक्षण म्हणजे वर्षातून एकदा काढलेली सहल नव्हे, की वृक्षारोपणाच्या दिवशी काढलेली फेरीही नव्हे. केंद्राच्या दारापासून शंभर पावलांच्या आत जे झाड, जी माती, जो ओहोळ, जे पाखरू असेल, त्याच्याशी मुलाचा नित्य आणि हेतुपूर्वक संबंध येणे, असा त्याचा सरळ अर्थ आहे.

चिंचेच्या झाडाखालील एक तास घ्या. मुले चिंचोके वेचतात, मोठे व लहान असे ढीग करतात. ढिगांची तुलना करताना ‘जास्त’, ‘कमी’, ‘तितकेच’ हे शब्द त्यांच्या तोंडी येतात. गणिताचा पाया म्हणतात तो हाच. अंक गिरविणे ही त्यानंतरची पायरी होय. पिंपळाचे, शेवग्याचे आणि आंब्याचे पान शेजारी ठेवले की आकार, कडा, वास आणि स्पर्श यांतील फरक मुलाला सांगावासा वाटतो आणि सांगण्यासाठी शब्द शोधावे लागतात. भाषा अशा वेळी वाढते. सकाळी लांब असलेली सावली दुपारी आखूड का झाली, हे मुलाने स्वतः खडूने रेघ मारून पाहिले म्हणजे निरीक्षण, अंदाज आणि पडताळा या शास्त्राच्या तिन्ही पायऱ्या ते नकळत चढते. उंचसखल जमिनीवर चालताना, बांधावरून उडी मारताना तोल सावरण्याची जी शक्ती येते, ती सपाट फरशीवर येत नाही.

ऋतूंचे चक्र हा तर आयताच मिळालेला वार्षिक अभ्यासक्रम आहे. पहिल्या पावसाबरोबर येणारा मखमली लाल मृगाचा किडा, श्रावणातील गांडुळे व बेडूक, भाद्रपदात फुलणारा तेरडा, फाल्गुनातील निष्पर्ण पळस आणि त्यावरची केशरी फुले, चैत्रात पिंपळाला फुटलेली तांबूस पालवी, यांपैकी कशालाही पैसा पडत नाही.

आरोग्याच्या दृष्टीनेही याला आधार आहे. चीनमधील ग्वांगझो शहरात सुमारे सहा वर्षे वयाच्या मुलांना शाळेच्या दिवशी ४० मिनिटे अधिक वेळ बाहेर नेण्याचा प्रयोग तीन वर्षे करण्यात आला. त्याचे निष्कर्ष २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले. बाहेर नेलेल्या मुलांपैकी ३०.४ टक्के मुलांमध्ये लघुदृष्टीचा दोष नव्याने निर्माण झाला. इतर मुलांमध्ये हे प्रमाण ३९.५ टक्के होते. फिनलंडमधील एका प्रयोगात तीन ते पाच वर्षे वयाच्या मुलांच्या पाळणाघरांच्या आवारात जंगलातील माती, गवत व झुडपे आणण्यात आली. मुलांनी २८ दिवस त्यात खेळल्यानंतर त्यांच्या त्वचेवरील सूक्ष्म जीवांत विविधता वाढल्याचे आणि रोगप्रतिकारयंत्रणेच्या नियमनाशी निगडित घटकांत अनुकूल बदल झाल्याचे आढळले. हा अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. तो लहान होता आणि तेथील परिस्थिती आपल्याहून वेगळी आहे, हे लक्षात ठेवले पाहिजे. तरीही माती म्हणजे केवळ घाण, ही समजूत सरसकट बरोबर नाही, एवढे त्यावरून म्हणता येते.

पटते, पण पाऊल उचलत नाही

छात्राध्यापिकांच्या दृष्टिकोनाचा अभ्यास अमेरिका, ऑस्ट्रेलिया, तुर्कस्तान आदी देशांत झालेला आहे. त्यांत एक गोष्ट वारंवार आढळते. निसर्ग मुलांना हितकारक आहे, असे बहुतेक छात्राध्यापिका मानतात. मात्र प्रत्यक्ष मुलांना बाहेर नेऊन शिकविण्याची तयारी आणि आत्मविश्वास त्या मानाने कमी असतो. ज्यांचे स्वतःचे बालपण निसर्गात गेले, किंवा ज्यांना प्रशिक्षणकाळात बाहेर शिकविण्याचा सराव मिळाला, त्यांच्यात हे अंतर कमी होते. आपल्याकडील स्थितीला हा निष्कर्ष बऱ्याच अंशी लागू पडतो. परंतु येथील अडसरांचे स्वरूप आपल्या समाजजीवनातून आलेले आहे आणि ते समजून घेतल्याखेरीज उपाय सापडणार नाही.

पहिला अडसर जबाबदारीच्या भयाचा. विहीर, रस्ता, साप, विंचू, भटके कुत्रे यांची भीती अनाठायी नाही. वीस-पंचवीस मुले आणि सोबतीला एक मदतनीस, अशा स्थितीत एखादे मूल नजरेआड झाले तर उत्तर कोणी द्यावयाचे, हा प्रश्न तिला पडतो. खोलीचे दार लावले की तो प्रश्न उरत नाही.

दुसरा अडसर पालकांच्या अपेक्षेचा. ‘बाई मुलांना नुसते खेळवितात’ हे वाक्य ऐकावयास न मिळालेली सेविका विरळा. मूल घरी येऊन काय म्हणून दाखविते, पाटीवर काय काढून दाखविते, यावर बालवाडीची परीक्षा होते. शेजारच्या खाजगी बालवर्गात मूल इंग्रजी अक्षरे म्हणत असेल, तर चिंचोक्यांचे ढीग पालकांच्या दृष्टीने फिके पडतात. छात्राध्यापिका ही स्वतःदेखील याच समाजातील आहे, किंबहुना पुष्कळदा आईही आहे. हीच अपेक्षा तिच्याही मनात अर्धीमुर्धी वसत असते.

तिसरा अडसर अज्ञानाच्या संकोचाचा. मुलाने ‘बाई, हे कशाचे झाड?’ असे विचारले आणि नाव सांगता आले नाही, तर मान खाली जाईल असे तिला वाटते. शहरात वाढलेल्या छात्राध्यापिकेच्या बाबतीत हे विशेष घडते. आदिवासी वा डोंगरी भागात तर पाच वर्षांच्या मुलाला शिक्षिकेहून अधिक झाडे ओळखता येतात. शिक्षिकेने सर्व काही जाणावे आणि मुलाने विचारावे, ही जुनी व्यवस्था तेथे उलटी होते.

चौथा अडसर स्वच्छता आणि शिस्त यांविषयीच्या कल्पनेचा. चिखलाचे हात, मळलेला सदरा, मोठ्याने ओरडणारी मुले हे ‘वळण नसल्याचे’ लक्षण मानले जाते. ओळीत बसलेली, हाताची घडी घातलेली मुले पाहुण्यांना दाखविता येतात. झाडाभोवती पांगलेली मुले तशी दाखविता येत नाहीत.

पाचवा अडसर फारसा बोलून दाखविला जात नाही, पण तो सर्वांत खोल आहे. ग्रामीण भागातून आलेल्या अनेक छात्राध्यापिकांचे बालपण शेतातच गेलेले असते. निंदणी, शेण काढणे, सरपण आणणे, डोईवर पाणी वाहणे यांत त्यांचे कोवळे वय खर्ची पडलेले असते. त्यांच्या लेखी माती म्हणजे रम्य निसर्ग नव्हे, माती म्हणजे कष्ट. शिक्षण हा त्या कष्टांतून बाहेर पडण्याचा मार्ग होता आणि आईवडिलांनी त्याच आशेने त्यांना शिकविले. अशा मुलीला पुन्हा ‘मुलांना मातीत घेऊन जा’ असे सांगितले, तर जेथून मोठ्या प्रयत्नाने सुटका झाली तेथेच परत पाठविल्यासारखे तिला वाटल्यास नवल नाही. मजुरी करणाऱ्या पालकांचीही भावना याहून वेगळी नसते. या भावनेची हेटाळणी करून चालणार नाही. कामासाठी मातीत राबणे आणि कुतूहलाने मातीकडे पाहणे यांतील फरक तिला स्वतःच्या अनुभवातून उमगावा लागतो. तिच्या बालपणाने तिला दिलेले ज्ञान कमीपणाचे नसून शिक्षिका म्हणून तेच तिचे भांडवल आहे, हा विश्वास तिला प्रशिक्षणाने दिला पाहिजे. कोणत्या झाडाची साल कशी सोलते, पेरणीपूर्वी आभाळ कसे दिसते, वासरू केव्हा उभे राहते, हे जिला ठाऊक आहे, तिच्याजवळ शिकविण्यासारखे पुष्कळ आहे.

भयाला माहितीचे उत्तर

सुरक्षिततेचा प्रश्न उपदेशाने सुटत नाही, निश्चित माहितीने सुटतो. ‘घाबरू नका’ असे सांगण्याऐवजी काय करावे आणि काय करू नये, हे प्रशिक्षणात शिकविले गेले पाहिजे.

मुलांना नेण्यापूर्वी शिक्षिकेने जागा स्वतः फिरून पाहावी. काचा, तारा, उघडा खड्डा, मधमाश्यांचे पोळे, विजेची लोंबती तार यांची खात्री करून घ्यावी. पहिले काही दिवस एकच ठरलेली जागा घ्यावी आणि तिची सीमा दोरीने, चुन्याने किंवा दगडांनी आखून मुलांना दाखवावी. हाक दिली की ठरलेल्या झाडापाशी गोळा व्हावयाचे, हा खेळ आधी आवारातच पुरेसा घोटून घ्यावा. निघताना व परतताना मुलांची मोजणी करावी आणि ती मुलांकडूनच मोठ्याने करून घेतल्यास तोही गणिताचा पाठ होतो.

आपल्या राज्यात माणसाला प्रामुख्याने चार विषारी सापांपासून धोका असतो : नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे. दगडांच्या राशी, सरपणाचे ढीग, दाट गवत आणि बिळे यांपासून मुलांना दूर ठेवणे हा पहिला नियम होय. दंश झालाच तर जखम कापू नये, घट्ट आवळपट्टी बांधू नये, मांत्रिकाकडे वेळ दवडू नये. मुलाला शांत ठेवून, दंश झालेला अवयव न हलविता त्वरित सर्पविषावरील लस उपलब्ध असलेल्या आरोग्य केंद्रात वा रुग्णालयात न्यावे. त्यासाठी १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा राज्यात उपलब्ध आहे.

वनस्पतींच्या बाबतीतही सावधगिरी हवी. गुंजांच्या लाल-काळ्या बिया दिसायला सुंदर असतात, पण चावून खाल्ल्यास अत्यंत विषारी ठरतात. एरंड व मोगली एरंड यांच्या बिया, धोतरा आणि कण्हेर हीही विषारी आहेत. कुंपणाला लावलेल्या मोगली एरंडाच्या बिया खाल्ल्याने मुलांना विषबाधा झाल्याच्या घटना घडतात. तेव्हा साहित्य म्हणून गुंजा वापरू नयेत, चिंचोके, सागरगोटे किंवा रिठे वापरावेत आणि नाका-कानात जाईल इतकी लहान बी अगदी धाकट्यांच्या हाती देऊ नये. ‘विचारल्याशिवाय तोंडात काही घालावयाचे नाही’ हा नियम पहिल्याच दिवशी मुलांना शिकवावा.

माती आणि रोग यांविषयीही नेमके बोलले पाहिजे. जेथे उघड्यावर शौच होते ती माती जंतांचा प्रसार करते आणि अशी जागा खेळास सर्वस्वी अयोग्य होय. स्वच्छ जागेतील मातीत खेळून साबणाने हात धुणे, नखे कापणे, पायात चपला असणे या साध्या सवयींनी धोका बराच कमी होतो. राष्ट्रीय जंतनाशक दिनी एक वर्षावरील मुलांना गोळी दिली जाते. धनुर्वातापासून संरक्षण देणाऱ्या त्रिगुणी लसीची वर्धक मात्रा दीड ते दोन आणि पाच ते सहा वर्षे या वयात देण्यात येते. अंगणवाडीतील मुलांची ही नोंद पुरी असल्यास खरचटण्याचे भय निम्मे ओसरते. उन्हाळ्यात, विशेषतः विदर्भ व मराठवाड्यात, बाहेरचा पाठ सकाळच्या पहिल्या तासातच उरकावा. विजांचा कडकडाट सुरू असताना झाडाखाली उभे राहू नये.

प्रशिक्षणात काय व्हावे

पोहण्याविषयीची व्याख्याने ऐकून पोहता येत नाही. निसर्गातील शिक्षणाचे महत्त्व चार भिंतींच्या आत सांगून प्रश्नपत्रिकेत त्यावर पाच गुणांचा प्रश्न विचारल्याने छात्राध्यापिकेचा दृष्टिकोन बदलणार नाही. ज्या पद्धतीने तिने पुढे शिकवावे असे वाटते, त्या पद्धतीने ती स्वतः काही काळ शिकली पाहिजे.

यासाठी फार मोठ्या खर्चाची आवश्यकता नाही. प्रत्येक छात्राध्यापिकेने विद्यालयाच्या आवारातील वा घराजवळील हातभर लांबी-रुंदीचा जमिनीचा एक तुकडा निवडावा आणि आठवड्यातून एकदा त्याचे निरीक्षण करून वहीत नोंदवावे. जूनपासून फेब्रुवारीपर्यंत त्या तुकड्यात काय उगवले, काय सुकले, कोणते कीटक आले, याची नोंद तिला पुस्तकाहून अधिक शिकविते. पहिल्या पंधरवड्यात कंटाळवाणे वाटलेले काम पुढे गोडीचे होते, कारण पाहण्याची सवय लागली की दिसू लागते.

दुसरे म्हणजे, सराव पाठांपैकी काही पाठ बाहेर घेणे बंधनकारक असावे आणि त्यांची सुरुवात पाच-सहा मुलांच्या गटाने व्हावी. पाठटाचणातही थोडा बदल हवा. ‘शिक्षिका काय सांगेल’ या रकान्याइतकेच ‘मुले काय विचारतील’ आणि ‘उत्तर ठाऊक नसल्यास काय करता येईल’ या रकान्यांना स्थान असावे. ‘मला ठाऊक नाही, आपण मिळून शोधू या, आजोबांना विचारू या’ हे उत्तर बालशिक्षणात कमीपणाचे नाही, हे मार्गदर्शकांनी स्वतःच्या वागण्यातून दाखवून द्यावे.

तिसरे, गावातील जाणत्यांचे साहाय्य घ्यावे. वैदू, गुराखी, माळी, कोळी, रानभाज्या विकणाऱ्या आजीबाई ही माणसे प्रशिक्षण विद्यालयात क्वचितच पाऊल टाकतात. महिन्यातून एक तास त्यांच्यासाठी राखला तर झाडांची स्थानिक नावे, त्यांचे उपयोग आणि त्यांच्याशी निगडित गोष्टी छात्राध्यापिकांच्या वहीत येतील. वारली, भिल्ली, कोरकू, गोंडी भाषिक मुलांच्या वर्गात तर वस्तूचे घरचे नाव आणि मराठी नाव अशी जोडी तयार होईल. शाळेची भाषा परकी वाटून गप्प बसणारे मूल अशा वेळी प्रथमच सांगणारा बनते. त्याला ठाऊक असलेल्या गोष्टीला वर्गात किंमत मिळते. शाळेकडे पाठ फिरविणारे मूल शाळेत टिकते की नाही, हे पुष्कळदा अशा लहान गोष्टींवर ठरते.

चौथे, पालकांशी बोलण्याचे प्रशिक्षण द्यावे. मुलाने लावलेला चिंचोक्यांचा क्रम, पानांच्या ठशांचा कागद, मातीचा बैल हे महिन्याच्या पालकसभेत मांडून ‘यातून मोजणी आली, यातून बोटांना वळण आले, उद्या याच बोटांनी मूल पेन्सिल धरील’ असे साध्या शब्दांत सांगता आले पाहिजे. पालकांची अपेक्षा चुकीची नसते, मुलाने पुढे जावे अशीच ती असते. त्या अपेक्षेकडे जाणारा रस्ता अंगणातूनही जातो, हे त्यांना दाखवावे लागते.

इतरांचे कर्तव्य

छात्राध्यापिका कितीही उत्साहाने बाहेर पडली, तरी तिला ज्या व्यवस्थेत काम करावयाचे आहे ती व्यवस्था अनुकूल नसेल तर तो उत्साह एका वर्षात मावळतो. पर्यवेक्षण करणाऱ्यांनी भेटीच्या वेळी खोली रिकामी दिसली म्हणजे काम बंद आहे, असा समज करून घेऊ नये. मुले कोठे गेली आहेत, तेथे काय चालले आहे, हे जाऊन पाहावे आणि तसा शेरा लिहावा. अशा एका शेऱ्याने सेविकेला जे बळ मिळते ते अनेक परिपत्रकांनी मिळत नाही. वरिष्ठांकडून बाहेरच्या पाठाविषयी चौकशी होते असे दिसले, म्हणजे ती गोष्ट कामाचा भाग बनते. पत्रके, नोंदवह्या आणि दूरध्वनीवरील माहिती भरणे यांचा भार वाढत गेला, तर मुलांना बाहेर नेण्याचा वेळच प्रथम कापला जातो, याचाही विचार व्हावा.

प्राथमिक शाळेतील शिक्षकांचा वाटाही मोठा आहे. पहिलीत आलेल्या मुलाला अक्षरे येतात का, एवढेच विचारले गेले तर बालवाडीची शिक्षिका अक्षरेच घोटून घेईल. मूल ऐकून घेते का, प्रश्न विचारते का, वस्तूंची वर्गवारी करते का, हेही पहिलीच्या शिक्षकाने आवर्जून पाहावे आणि बालवाडीच्या शिक्षिकेला कळवावे.

७३ व्या घटनादुरुस्तीने पंचायतींच्या कक्षेतील विषयांची जी यादी संविधानात अंतर्भूत झाली, तीत शिक्षण आणि महिला व बालविकास या दोन्ही विषयांचा समावेश आहे. अंगणवाडीलगतच्या विहिरीला कठडा बांधणे, आवाराला काटेरी तारेऐवजी करवंद, मेंदी अशा झुडपांचे कुंपण करणे, हात धुण्यास मुलांच्या उंचीचा नळ बसविणे, सावलीचे दोन वृक्ष लावून जगविणे, परिसर हागणदारीमुक्त राखणे ही कामे ग्रामपंचायत विकास आराखड्यात सहज बसू शकतात. शहरात जेथे अंगणवाडी एका भाड्याच्या खोलीत भरते, तेथे जवळच्या सार्वजनिक उद्यानाची सकाळची एक तासाची वेळ बालवाड्यांसाठी राखून ठेवता येईल. आणि हेही काहीच शक्य नसेल तेथे खिडकीत ठेवलेल्या डब्यात मेथी उगवते आणि वळचणीला चिमण्या येतात. निसर्ग आकाराने लहान असला तरी मुलाला पुरतो.

मूल पाच-सहा वर्षांचे होईपर्यंतचा काळ पुन्हा येत नाही. या काळात त्याने प्रश्न विचारावे की गप्प बसावे, जगाकडे जिज्ञासेने पाहावे की भयाने, हे ठरण्यात त्याच्या पहिल्या शिक्षिकेचा फार मोठा भाग असतो. बोर्डीच्या अंगणांत आणि कोसबाडच्या कुरणांत ताराबाई व अनुताई यांनी साधनांच्या अभावीही हे काम करून दाखविले. आज इमारती आहेत, मानधन आहे, धोरण आहे, अभ्यासक्रम आहे. प्रशिक्षण घेऊन बाहेर पडणाऱ्या प्रत्येक शिक्षिकेने आठवड्यातून निदान दोन दिवस केंद्राचे दार उघडून मुलांसह बाहेर पाऊल टाकावे, आणि गावाने ते पाऊल निर्धास्त पडेल अशी जागा तयार ठेवावी. एवढे झाले तरी अंगणवाडी या शब्दातील अंगण मुलांना परत मिळेल.